गेममधून युरोप: काही देश युरोपियन युनियनला 'नाही' का म्हणाले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही काही जण जमतो, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमचा सर्व्हर सुरू करतो आणि जगातले राजकीय पेच खेळून बघतो. येणारे बहुतेक जण एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारे, थोडे कॉलेजचे, आणि काही निव्वळ गेमर. सध्याचा विषय आहे नॉर्वे, आइसलंड आणि स्वित्झर्लंड. दारात उभी असलेली युरोपियन युनियन ही संघटना एवढी श्रीमंत आणि शक्तिशाली असताना हे देश बाहेर का राहिले? नव्याने येणारा प्रत्येक जण साधारण हेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

हाच विषय का निवडला?

क्लासच्या नोट्समध्ये या विषयाला एक ओळ मिळते: नॉर्वे, सार्वमत, नकार. वाचणारा मनातल्या मनात कारणही लावून मोकळा होतो. तेलाचा पैसा आहे, म्हणून माज आहे. २०१६ नंतर तर ब्रेक्झिटच्या एकाच टोपलीत सगळे विरोधक टाकले जातात, आणि ते मला मनापासून खटकतं.

नॉर्वेने दोनदा मत दिलं. २५ सप्टेंबर १९७२ ला ५३.५ टक्के लोक 'नाही' म्हणाले. २८ नोव्हेंबर १९९४ ला पुन्हा विचारलं, तेव्हा ५२.२ टक्के 'नाही' म्हणाले, आणि मतदान जवळपास ८९ टक्के झालं होतं. मधल्या बावीस वर्षांत पिढी बदलली, तेलाच्या पैशाने देश श्रीमंत झाला, शीतयुद्ध संपलं, तरी कौल जवळजवळ तिथेच राहिला. इतक्या लोकांनी दोनदा विचार करून दिलेलं उत्तर माज म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यांचं म्हणणं काय होतं, ते त्यांच्या बाजूने एकदा नीट ऐकून घ्यावं, एवढाच आमचा आग्रह आहे.

त्यासाठी गेम कशाला? वाचून कळत नाही का?

वाचायचं तर आहेच. पण 'सार्वभौमत्व' हा शब्द परीक्षेच्या पुस्तकात शंभर वेळा येतो आणि अंगाला कुठे लागत नाही. क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळलेल्या कुणालाही विचारा. क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, गेलं की डोनेशनमध्ये ट्रूप्स मिळतात, वॉरची लूट मिळते. पण वॉर कधी सुरू करायचं ते लीडर आणि को-लीडर ठरवतात, आणि रात्री झोपून सकाळी उठल्यावर आपल्याला किक केलेलं असू शकतं. आत जाण्याआधी प्रत्येक शहाणा खेळाडू तीन गोष्टी विचारतो: मला काय मिळणार, निर्णय कोण घेणार, आणि उद्या पटलं नाही तर माझं सामान घेऊन निघता येईल का? ऑस्लो, रेक्याविक आणि बर्न या तिन्ही देशांच्या राजधान्यांत दशकानुदशकं चाललेला वाद याच तीन प्रश्नांभोवती फिरतो. फरक एवढाच, की तिथे सामान म्हणजे समुद्र, शेती आणि कायदे करण्याचा अधिकार.

प्रत्यक्ष खेळात काय होतं?

सर्व्हायव्हल मोड असतो. चार संघ केलेले असतात. एकाकडे डोंगर आणि आयर्न फार्म, दुसऱ्याकडे सपाट शेतजमीन, तिसऱ्याने नेदर या गेममधल्या पाताळातून जवळचे रस्ते बांधलेले, आणि चौथा किनाऱ्यावरचा तिघांचा छोटा संघ. पहिले तिघे मिळून युनियन करतात. लोखंड सामाईक, रस्ते सामाईक, पिलेजरांचा, म्हणजे गेममधल्या लुटारूंचा, हल्ला आला तर सगळ्यांनी धावून यायचं, आणि निर्णय बहुमताने.

किनाऱ्यावरच्या तिघांकडे फारसं काही नव्हतं, पण त्यांच्या गावात मेंडिंगचं पुस्तक विकणारा लायब्रेरियन होता. माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांना याची किंमत सांगायला नको. मेंडिंग असलं की हत्यार आपोआप दुरुस्त होत राहतं. असा लायब्रेरियन आयता सापडत नाही. व्हिलेजर म्हणजे गेममधल्या गावकऱ्यापुढे लेक्टर्न (पुस्तक ठेवायचं स्टँड) ठेवायचं, तो काय विकतो ते बघायचं, नको ते निघालं की लेक्टर्न फोडून पुन्हा ठेवायचं. असं कंटाळा येईपर्यंत करत राहावं लागतं, आणि या तिघांनी ते केलं होतं. शिवाय भोवती भिंत घातली होती, रात्री झॉम्बींपासून त्याला राखलं होतं.

युनियनचा नियम होता की सगळ्यांचे व्हिलेजर सगळ्यांना खुले. तिघांनी चाचणीपुरतं दार उघडलं. पंधरा जण एकदम आले. व्हिलेजरचा माल ठराविक वेळा विकला गेला की ट्रेडवर लाल फुली येते आणि तो पुन्हा कामाला बसेपर्यंत विक्री बंद होते. तसंच झालं. मागणी वाढल्यामुळे पुस्तकाचा भाव चढला. घाईत कुणाचा तरी घाव व्हिलेजरला लागला आणि त्या खेळाडूसाठी भाव आणखी वर गेले. ज्यांनी तो लायब्रेरियन घडवला, त्या तिघांनाच त्या दिवशी पुस्तक मिळालं नाही.

यात कुणीही वाईट वागलं नव्हतं. नियमाप्रमाणे सगळ्यांचा हक्क होता. तिघांपैकी रत्नागिरीकडची एक मुलगी तेव्हा म्हणाली, "लोखंड तुमच्याकडून विकत घेऊ, रस्त्याचा टोलही देऊ. पण या दारातून किती जण आणि कधी येणार, ते आम्ही ठरवणार." मग त्यांनी सदस्यत्व न घेता करार केला. नॉर्वे आणि आइसलंडने काय केलं, ते यापुढे खोलीत कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

हे गेमपुरतं ठीक आहे, पण खरोखरचे देश मासळीसाठी एवढं ताणतात?

ताणतात, आणि तसं करायला त्यांच्याकडे कारण आहे.

आइसलंडची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, यावरून अंदाज करा. बेटावर झाडी कमी, शेती तुटपुंजी, भोवती थंड समुद्र आणि त्यात कॉड मासा. विसाव्या शतकाचा मोठा भाग हा देश जवळपास मासळीवरच जगला. ब्रिटिश ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी मासेमारी जहाजं, किनाऱ्याजवळ येऊन मासळी उपसत होते. आइसलंडने स्वतःची सागरी हद्द १९५८ मध्ये १२ सागरी मैलांपर्यंत, १९७२ मध्ये ५० पर्यंत आणि १९७५ मध्ये २०० पर्यंत नेली. प्रत्येक वेळी ब्रिटनशी खटका उडाला. यालाच कॉड युद्धं म्हणतात.

आइसलंडकडे सैन्य नव्हतं. होत्या त्या तटरक्षक दलाच्या मोजक्या नौका. त्यांनी एक अवजार केलं, जे पाण्यातून ओढत नेलं की ट्रॉलरच्या जाळ्याची पोलादी तार तुटायची आणि लाखमोलाचं जाळं मासळीसकट तळाला जायचं. ब्रिटनने संरक्षणाला आरमाराच्या फ्रिगेट पाठवल्या, जहाजं एकमेकांवर आदळली. फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलंडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. दोघेही नाटोचे सदस्य असताना! केफ्लाविकचा नाटोचा तळ धोक्यात येईल ही भीती सगळ्यांनाच होती, आणि त्याच वर्षी ब्रिटनने २०० मैलांची हद्द मान्य केली. इंग्लंडमधल्या हल आणि ग्रिम्सबी या बंदरांतल्या हजारो कुटुंबांचा रोजगार यात बुडाला, हेही विसरून चालणार नाही.

आता युरोपियन युनियनचं सामाईक मासेमारी धोरण बघा. तत्त्व असं की सदस्यांच्या सागरी पाण्यात इतर सदस्यांच्या बोटींना प्रवेश, आणि कुठला मासा किती पकडायचा याचा वाटा सगळ्या देशांचे मंत्री मिळून ठरवतात. समान प्रवेशाचं हे तत्त्व तेव्हाच्या सहा सदस्यांनी १९७० मध्ये पक्कं केलं, आणि नेमके तेव्हाच नॉर्वे, ब्रिटन, डेन्मार्क आणि आयर्लंड हे मासेमारीवाले देश प्रवेशासाठी दारात उभे होते. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्याला यातून काय संदेश गेला असेल? १९७२ मध्ये तिथल्या गावांनी भरभरून 'नाही'ला मत दिलं, ते या पार्श्वभूमीवर.

आइसलंडचा आणि ऑनलाइन गेमिंगचा काही थेट संबंध आहे का?

आहे, आणि तो सांगायला मला फार आवडतं. 'ईव्ह ऑनलाइन' ही अंतराळातली प्रचंड मोठी गेम रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीने केली. २००३ मध्ये ती आली. चीन वगळता सगळे खेळाडू एकाच विश्वात खेळतात, त्यामुळे तिथलं राजकारण खऱ्यासारखं मुरलेलं असतं. खेळाडूंच्या कॉर्पोरेशन असतात, त्या सदस्यांच्या कमाईवर कर लावतात, कॉर्पोरेशन मिळून अलायन्स होते आणि अलायन्स तारामंडळांवर ताबा सांगते. खेळाडूंनी निवडून दिलेलं एक प्रतिनिधी मंडळसुद्धा आहे, ते कंपनीपुढे खेळाडूंची गाऱ्हाणी मांडतं.

या गेममधल्या दोन घटना आम्ही हमखास सांगतो. फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' ही त्या काळची दादा अलायन्स एका रात्रीत बरखास्त झाली. तिला कुणी लढाईत हरवलं नव्हतं. मध्यवर्ती कॉर्पोरेशनमधला अधिकार असलेला एक संचालक फुटून विरोधी 'गूनस्वार्म'ला मिळाला आणि त्याने आतूनच ती मोडीत काढली. हजारो खेळाडूंनी वर्षानुवर्षं बांधलेलं साम्राज्य, आणि बटण कुठे होतं याचा त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

दुसरी घटना जानेवारी २०१४ ची. बी-आर-५-आर-बी नावाच्या तारामंडळाच्या ताब्याचं भाडं वेळेत भरलं गेलं नाही, ताबा सुटला आणि लढाई पेटली. सुमारे २१ तास चालली, साडेसात हजारांवर खेळाडू त्यात ओढले गेले, ७५ टायटन म्हणजे गेममधली सगळ्यात महागडी जहाजं नष्ट झाली. नुकसानीची किंमत खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या घरात सांगितली गेली. भाडं भरायचं राहिलं एकीकडे, आणि जहाजं गेली भलत्याच मित्रपक्षांची.

आइसलंडच्या लोकांनी युनियनला विरोध या गेममुळे केला, असं मी म्हणत नाही. तसा संबंध जोडणं चुकीचं होईल. पण अधिकार लांबच्या हातात गेला की काय होऊ शकतं, हे कळायला ईव्हच्या एका मोसमाइतका दुसरा धडा नाही.

मग आइसलंडने २००९ मध्ये अर्ज का केला होता?

कारण ऑक्टोबर २००८ मध्ये ग्लिटनिर, लँड्सबांकी आणि काउप्थिंग या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. क्रोना हे त्यांचं चलन गडगडलं. घरकर्जाचे हप्ते परकीय चलनाशी बांधलेल्या लोकांची झोप उडाली. युरो असता तर वाचलो असतो, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. जुलै २००९ मध्ये संसदेत ३३ विरुद्ध २८ मतांनी ठराव झाला आणि अर्ज गेला.

दरम्यान आइससेव्हचं प्रकरण पेटलं. बुडालेल्या बँकेतल्या ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे आइसलंडच्या करदात्यांनी भरायचे का? २०१० आणि २०११ अशा दोन्ही सार्वमतांत लोकांनी नकार दिला. हळूहळू अर्थव्यवस्था सावरली, २०१३ मध्ये सरकार बदललं, वाटाघाटी थांबल्या, आणि मार्च २०१५ मध्ये आम्हाला आता उमेदवार समजू नका असं पत्र गेलं. मासेमारीचा अध्याय तोवर वाटाघाटीच्या टेबलावर उघडलासुद्धा गेला नव्हता. सगळ्यात अवघड गाठ शेवटी ठेवली आणि तिथे पोचायच्या आतच बोलणी संपली.

बाहेर राहून सगळे फायदे लाटतात, असंच ना?

ही समजूत फार पसरलेली आहे. १ जानेवारी १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार लागू आहे. त्यात नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनस्टाइन युनियनच्या बाजारपेठेत आहेत. शेती आणि मासेमारी धोरण मात्र त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं. २००१ पासून नॉर्वे आणि आइसलंड शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या क्षेत्रातही आहेत.

पण याची किंमत आहे. बाजाराशी संबंधित कायदे युनियनच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये होतात, आणि ते या देशांना लागू करावे लागतात. मताचा अधिकार नाही. नॉर्वेत याला फॅक्स लोकशाही म्हणत, कारण कायदा फॅक्सने येणार आणि आपण तो टाइप करून घेणार. शिवाय युनियनमधल्या तुलनेने गरीब देशांसाठी नॉर्वे मोठी रक्कमही देतो.

आमच्या सर्व्हरवर किनाऱ्याच्या संघाला हाच चटका बसला. नेदरचे रस्ते वापरायचे तर युनियनने बसवलेले नियम पाळायचे, आणि त्या नियमांच्या बैठकीत यांना खुर्ची नाही. तिघे वैतागले, पण करार मोडला नाही. माझ्या मते विरोधकांचा खरा कमकुवत दुवा इथेच आहे आणि त्यांनी तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. ज्यांना अधिकार टिकवायचा होता, त्यांनी अधिकाराचा एक तुकडा देऊन बाजार मिळवला. कुठला तुकडा द्यायचा हे मात्र त्यांनी स्वतः निवडलं.

आत गेल्यावर मत तर मिळतं, मग भीती कशाची?

मत मिळतं, पण वजन बघा. मंत्रिपरिषदेत बहुतेक निर्णय विशेष बहुमताने होतात. ५५ टक्के देश हवेत आणि त्यांची लोकसंख्या युनियनच्या ६५ टक्के हवी. युरोपीय संसदेच्या ७२० जागांपैकी जर्मनीला ९६ आणि माल्टाला ६. आइसलंड आत गेला तर त्यालाही साधारण सहाच. लोकसंख्येच्या मानाने सहा जागा खरं तर उदार वाटा आहे, हे समर्थकांचं म्हणणं बरोबर आहे. विरोधक म्हणतात, आमच्या ताटातल्या माशाचा प्रश्न आला तर ७२० मधले सहा हात काय करणार?

अर्धंमुर्धं सामील होता येत नाही का?

डेन्मार्कने ते करून दाखवलं. २ जून १९९२ ला युनियनची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराला ५०.७ टक्के डॅनिश लोकांनी नकार दिला. मग युरो, संरक्षण वगैरे बाबींत सवलती मिळवल्या आणि १८ मे १९९३ ला दुसऱ्या सार्वमतात होकार आला. संरक्षणातली सवलत त्यांनी जून २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, सार्वमत घेऊनच सोडली. स्वीडनने २००३ मध्ये युरोला नाही म्हटलं आणि आजही तिथे क्रोना चालतो. क्लॅनमध्ये राहून 'या वॉरला मी नाही' असं लावून ठेवण्याची सोय म्हणा. पण नव्याने येणाऱ्यांना अशा सवलती सहसा मिळत नाहीत. नव्या सदस्यांनी युरो स्वीकारण्याची तयारी दाखवावी, अशी अपेक्षा असते.

नाही पटलं तर बाहेर पडायचं. त्यात काय अवघड?

ग्रीनलंड बाहेर पडला. १९७२ च्या सार्वमतात ग्रीनलंडच्या लोकांनी मोठ्या बहुमताने विरोध केला होता, पण डेन्मार्कबरोबर तेही १९७३ मध्ये आत ओढले गेले. पुढे स्वराज्य मिळाल्यावर १९८२ मध्ये पुन्हा मत घेतलं, आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ते बाहेर आले. कारण पुन्हा मासेमारीच. ब्रिटनने जून २०१६ मध्ये ठरवलं आणि बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं. मधल्या काळात दोन पंतप्रधान घरी गेले. मार्ग कायद्यात आहे, कलम ५० आहे. पण इतकी वर्षं एकत्र विणलेलं सोडवायला काय लागतं ते जगाने पाहिलं, आणि उंबऱ्याबाहेर उभा असलेला देश तेही मोजतो.

विरोध करणारे उजवे, परकीयांचा द्वेष करणारेच असतात ना?

नाही. नॉर्वेत विरोधाचा कणा म्हणजे शेतकऱ्यांचा सेंटर पक्ष, डावे समाजवादी, उत्तरेचे मच्छीमार आणि मजूर पक्षातलाच एक मोठा गट. ऑस्लोने होकार दिला, उत्तरेच्या फिनमार्कने ठाम नकार. तिथला उन्हाळा आखूड, शेतं तुकड्या-तुकड्यांची. डेन्मार्क-फ्रान्सच्या मोठ्या शेतीशी खुली स्पर्धा झाली तर गावंच उठतील ही त्यांची भीती होती. शिवाय नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या आणि नंतर १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाखाली होता. १९०५ च्या सार्वमतात स्वीडनपासून वेगळं होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ आणि विरोधात फक्त १८४ मतं पडली. ज्यांच्या आजोबांनी ते मत दिलं होतं, ती माणसं १९७२ मध्ये रांगेत उभी होती.

स्वित्झर्लंडमध्ये चित्र वेगळं. ६ डिसेंबर १९९२ ला आर्थिक क्षेत्राचा करार ५०.३ टक्क्यांनी फेटाळला गेला, तेव्हा विरोधाचं नेतृत्व ख्रिस्टोफ ब्लोखर या उजव्या नेत्याकडे होतं. म्हणजे उजवा विरोधही आहे. मात्र सगळ्यांना त्याच रंगात रंगवलं की विषय हातातून निसटतो.

आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं, तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो. हे तेच का?

हा प्रश्न हडपसरच्या पलीकडून येणारी मुलं दरवेळी विचारतात, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. लोकांच्या तक्रारी अगदी ओळखीच्या आहेत. मिळकतकर वाढला, पण पाण्याचा टँकर तसाच. ग्रामपंचायतीत सरपंचाच्या दारात जाऊन भांडता यायचं, आता क्षेत्रीय कार्यालयात खेटे घाला. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या माथी तर शहराच्या कचऱ्याचा डेपो कितीतरी वर्षं होता. शेवटी ही दोन गावं महापालिकेतून वगळली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

साम्य आहे ते निर्णय लांब जाण्यात. फरक असा की गावांना कुणी मत विचारलं नव्हतं, राज्य सरकारची अधिसूचना निघाली आणि हद्द बदलली. नॉर्वेच्या माणसाला दोनदा विचारलं गेलं. आणि महापालिकेत जाण्याच्या बाजूनेही बोलणारे गावात होतेच. रस्ता, ड्रेनेज, पीएमपीची बस, हे ज्यांना हवं होतं त्यांची बाजू आम्ही तितक्याच वेळ ऐकतो.

भारतातली राज्यंही युनियनमध्येच आहेत. मग?

आपलं संविधान भारताला राज्यांचा संघ म्हणतं, पण इथे कुठल्याही राज्याला बाहेर पडण्याची तरतूद नाही, आणि देश एक आहे. युरोपियन युनियन हा सार्वभौम देशांनी करारांतून उभा केलेला संघ आहे. दोन्हींची सरमिसळ उत्तरपत्रिकेत करू नका.

म्हणजे तुम्ही युनियनविरोधी प्रचार करता?

नाही. त्याच १९९४ मध्ये फिनलंडने ५६.९ टक्क्यांनी आणि स्वीडनने ५२.३ टक्क्यांनी होकार दिला. एस्टोनियाने २००३ मध्ये ६६.८ टक्क्यांनी. जो देश सोव्हिएत रणगाड्यांखाली पिढ्या काढून बाहेर आला, त्याच्यासाठी युनियन म्हणजेच सार्वभौमत्वाचं कवच होतं. आम्ही खेळात भूमिका बदलतो, किनाऱ्याचा संघ पुढच्या वेळी डोंगरात जातो. पिलेजरांचा हल्ला रोज होत असेल तर तीच मुलगी युनियनच्या बाजूने हात वर करते, हे आम्ही पाहिलं आहे. माझं मत विचाराल तर नॉर्वेच्या मच्छीमाराचं 'नाही' आणि एस्टोनियाच्या शिक्षिकेचं 'हो' ही दोन्ही उत्तरं समंजस आहेत.

पैसे लागतात का? पैशांचे गेम असतात का?

नाही आणि अजिबात नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. पण कायदा नसता तरी आम्ही त्या वाटेला गेलो नसतो.

आमचा मुलगा अभ्यासाच्या नावाखाली गेम खेळतो, असं वाटतं. काय सांगाल?

काका-काकू, तुमची काळजी रास्त आहे. गावाकडून पैसे पाठवून मुलांना पेठेत ठेवणं, मेस आणि अभ्यासिकेचं भाडं भरणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे. खेळ दोन तास चालतो, त्यानंतर तितकीच चर्चा, आणि प्रत्येकाने एक पान लिहून द्यायचं असतं. कुठल्याही रविवारी येऊन मागे बसा, कुणाची हरकत नाही.

परीक्षेत उपयोग होतो का?

मार्कांची हमी देत नाही. सामान्य अध्ययनात आंतरराष्ट्रीय संबंध आहेत, निबंधात संघराज्य आणि लोकशाही येतात, मुलाखतीत ब्रेक्झिट विचारतात. तिथे पाठ केलेली ओळ आणि समजून घेतलेलं कारण यांतला फरक समोरच्याला कळतो.

आइसलंडचं पुढे काय होणार?

डिसेंबर २०२४ मध्ये क्रिस्टरुन फ्रोस्टाडोटिर यांचं आघाडी सरकार आलं. प्रवेशाच्या वाटाघाटी पुन्हा सुरू कराव्यात का, यावर २०२७ पर्यंत सार्वमत घेण्याचं त्यांनी कबूल केलं. नीट वाचा: प्रश्न आत जायचं का हा नाही, बोलणी सुरू करायची का हा आहे. उत्तर हो आलं तरी मासेमारीचा अध्याय समोर उभा आहेच, आणि या वेळी तो शेवटी ढकलता येईल असं मला वाटत नाही. पुढचे काही रविवार आम्ही तोच अध्याय खेळणार आहोत. नवीन येणाऱ्यांनी लॅपटॉप आणि चार्जर आणावा, खोलीत प्लग कमी आहेत म्हणून जमल्यास एक्स्टेन्शन बोर्डही. माइनक्राफ्ट येत नसेल तरी या. वाटाघाटीच्या टेबलावर बसायला आम्हाला नेहमीच माणसं कमी पडतात.